ओपन-बुक ऑनलाइन परीक्षा: संगणकाच्या विद्यार्थ्यांसाठी पेपर कसा काढावा?

अर्धविराम

संगणक विषयांचा ओपन-बुक ऑनलाइन पेपर काढायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी जुनाच पेपर उचलतात आणि वर 'पुस्तके, टिपणे व इंटरनेट वापरण्यास परवानगी' एवढी ओळ टाकतात. मग 'डेडलॉकच्या चार अटी लिहा' या प्रश्नाला सगळ्या उत्तरपत्रिकांत एकच परिच्छेद सापडतो आणि बोंब होते की पोरं कॉपी करतात. शोधा आणि उतरवा असंच प्रश्न सांगत होता, त्यांनी तेच केलं.

माझ्या मते प्रत्येक मोठ्या प्रश्नाला काहीतरी ठोस जोडलेलं हवं: तीस-चाळीस ओळींचा कोड, सर्व्हरचा लॉग, डेटा भरलेली टेबलं, प्रोसेसेसचं वेळापत्रक. विचारायचं ते त्या जोडलेल्या वस्तूबद्दलच. व्याख्या कुठेही मिळते, पण 'या कोडची १७वी ओळ बदलली तर काय होईल' हे पुस्तकात नसतं.

साधं उदाहरण. बायनरी सर्च समजवा, असं विचारू नका. कोड द्या: लूप 'लो हायपेक्षा लहान असेपर्यंत' चालतो, सुरुवातीला हाय हा शेवटचा इंडेक्स, मिड म्हणजे दोघांची बेरीज भागिले दोन (अपूर्णांक सोडून), आणि मिडवरची किंमत लक्ष्यापेक्षा लहान असेल तर 'लो = मिड' असं लिहिलेलं. इथे 'लो = मिड + १' हवं होतं. आता विचारा:

१. हा प्रोग्राम कायमचा अडकेल असा सर्वांत लहान ॲरे आणि लक्ष्य द्या. (४ गुण)
२. प्रत्येक फेरीत लो, हाय, मिड यांच्या किमती लिहून तो का अडकतो ते दाखवा. (४)
३. दुरुस्ती करा. तुमच्या दुरुस्तीनंतर हाय आणि लो यांमधलं अंतर प्रत्येक फेरीत घटतंच, हे दोन-तीन वाक्यांत पटवून द्या. (६)

दोन घटकांचा ॲरे पुरतो. [३, ७] मध्ये ७ शोधा: लो ०, हाय १, मिड ०, पुन्हा लो ०. एकाच घटकाचा ॲरे चालत नाही, कारण लूपमध्ये शिरणंच होत नाही. वरवर वाचणारा पहिल्या उपप्रश्नात पाच-सात घटकांचा ॲरे लिहितो. तो अडकतो खरा, पण सर्वांत लहान नसतो. खरे गुण तिसऱ्यात आहेत.

बाकीच्या विषयांतले नमुने इथे गोळा करूया. वेळ, अपलोड, आपोआप तपासणी आणि एआय यांवरही लिहा.

---

शून्यापासून

ऑपरेटिंग सिस्टिमकडून एक. पेज रिप्लेसमेंटवर दर वर्षी तोच संदर्भक्रम येतो: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. फिफोने (सर्वांत आधी आलेलं पान आधी काढणं) ३ फ्रेम्सना (मेमरीतल्या जागांना) ९ पेज फॉल्ट (हवं ते पान मेमरीत नसणं), ४ फ्रेम्सना १०. जागा वाढवूनही फॉल्ट वाढतात, हीच बेलाडीची विसंगती. नेटवर टाकला की उत्तर पहिल्याच पानावर मिळतं.

क्रम न बदलता पानांची नावं बदलली (१ च्या जागी ७, २ च्या जागी ४ वगैरे) तर फॉल्टची संख्या तीच राहते. फिफो, एलआरयू (सर्वांत जास्त काळ न वापरलेलं पान काढणं), ऑप्टिमल (पुढे सर्वांत उशिरा लागणारं पान काढणं), कुणालाच पानाचं नाव काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून नावं फिरवून हवे तेवढे पेपर बनवता येतात आणि काठिण्य तंतोतंत सारखं राहतं. दुसरी बाजू अशी, की उत्तरही सारखंच राहतं. 'नऊ आणि दहा' एवढा निरोप ग्रुपवर गेला की सगळ्यांचं काम झालं. तेव्हा संख्या विचारूच नका, किंवा फक्त १ गुणाला विचारा. शेवटी फ्रेम्समध्ये कोणती पानं उरली ते विचारा. वरच्या क्रमात ३ फ्रेम्सच्या वेळी ५, ३, ४ उरतात. नावं फिरवलेल्या पेपरात प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

याहून पुढचा प्रश्न: 'कमी फ्रेम्समधली सगळी पानं जास्त फ्रेम्समध्येही असतात, हा गुणधर्म एलआरयूला आहे. फिफोमध्ये तो या क्रमात पहिल्यांदा कोणत्या संदर्भाला मोडतो?' उत्तर सातव्या. सहाव्यानंतर ३ फ्रेम्समध्ये ४, १, २ आणि ४ फ्रेम्समध्ये १, २, ३, ४, म्हणजे ठीक. सातव्याला ५ आलं की इकडे १, २, ५ आणि तिकडे २, ३, ४, ५. पान १ लहान संचात आहे, मोठ्यात नाही. दोन्ही तक्ते मांडल्याशिवाय हे सांगता येत नाही, आणि तपासायला अर्धा मिनिट पुरतो.

---

उभी_रेघ

> नावं फिरवून हवे तेवढे पेपर बनवता येतात

सहमत. मात्र अनेक जण यासाठी 'तुमच्या रोल नंबरचे शेवटचे चार अंक क, ख, ग, घ माना' असं लिहितात. ते टाळा. ज्याचा नंबर ०००० ने संपतो त्याला ग्राफच्या सगळ्या कडा शून्य वजनाच्या मिळतात. ११११ वाल्याला एलआरयू, फिफो, सगळ्यांचं उत्तर एकच. कुणी अंक उलट्या क्रमाने घेतो, आणि मग तपासनीस विचारात पडतो की ही चूक पद्धतीची की वाचनाची. शिवाय काठिण्य हाताबाहेर जातं.

त्याऐवजी असं करा:

- रोल नंबर आणि एक गुप्त शब्द जोडून त्याचा हॅश (मजकुरावरून निघणारी ठरावीक लांबीची खूण) घ्या आणि तो रँडम जनरेटरला सीड (सुरुवातीचा आकडा) म्हणून द्या. गुप्त शब्द नसेल तर हुशार विद्यार्थी मित्राचा पेपर स्वतःच तयार करू शकतो.
- प्रत्येक विद्यार्थ्याचा पेपर आणि आदर्श उत्तर परीक्षेच्या आधीच तयार करून ठेवा. पेपर चालू असताना सर्व्हरवर काहीही जनरेट होऊ देऊ नका.
- चाळणी लावा. उदा. फिफो, एलआरयू आणि ऑप्टिमल यांची उत्तरं तीन वेगळी यावीत, फॉल्ट ठरलेल्या मर्यादेत असावेत. नाही बसलं तर सीडला पुढचा आकडा जोडून पुन्हा काढा.
- आदर्श उत्तर देणारा प्रोग्राम दोघांनी स्वतंत्रपणे लिहावा आणि सगळ्या पेपरांवर दोघांचे निकाल जुळवून पाहावेत. एकाच पेपरातली चूक एकाचं नुकसान करते, जनरेटरमधली चूक सगळ्या वर्गाचं.

प्रत्येकाला वेगळा पेपर हवाच असंही नाही. ५ प्रश्न आणि प्रत्येकाचे ४ पर्याय घेतले तर १०२४ जोड्या होतात. तपासायला मात्र २० उत्तरंच तयार करावी लागतात. लहान विभागाला हे झेपतं.

---

गाठोडं

डेटाबेसकडे वळतो. नॉर्मलायझेशनचे ठरावीक प्रश्न आता बाद समजा. फंक्शनल डिपेंडन्सी (एका कॉलमची किंमत कळली की दुसऱ्याची ठरते; विषय→शिक्षक म्हणजे विषयावरून शिक्षक ठरतो) टाकली की कँडिडेट की काढून देणारी साधनं फुकट मिळतात. उलट्या बाजूने विचारा. हे टेबल पाहा:

विद्यार्थी | विषय | शिक्षक | खोली
वि१ | डीबी | शि१ | ख१
वि२ | डीबी | शि१ | ख२
वि१ | ओएस | शि२ | ख१
वि३ | ओएस | शि३ | ख२

प्रश्न: विषय→शिक्षक, शिक्षक→खोली, शिक्षक→विषय, विद्यार्थी→खोली. यांपैकी कोणती विधानं हा डेटा खोटी ठरवतो? खोटी ठरवणारी ओळींची जोडी द्या. पहिलं ३ आणि ४ या ओळींनी मोडतं, दुसरं १ आणि २ यांनी. उरलेली दोन मोडत नाहीत. 'म्हणजे ती खरी आहेत का?' हा खरा प्रश्न. डेटा डिपेंडन्सी खोटी पाडू शकतो, सिद्ध करू शकत नाही. अनेकांचं घोडं इथेच अडतं. त्यापुढे: 'अशी एक ओळ घाला की शिक्षक→विषय मोडेल पण विद्यार्थी→खोली टिकेल.' वि४, डीबी, शि२, ख१ चालेल, इतरही कित्येक चालतील. उत्तरं अनेक असली तरी तपासायला वीस ओळींची स्क्रिप्ट पुरते, आणि दोघांची ओळ हुबेहूब सारखी निघाली तर नजर जातेच.

एसक्यूएलसाठी नॉट इन आणि नल (किंमतच नसलेली जागा) यांची जोडी घ्या. विद्यार्थी टेबलात ६ ओळी, गट टेबलात ३, त्यांतल्या एका गटाला प्रमुख नाही, म्हणून तिथे नल. 'जे कोणत्याही गटाचे प्रमुख नाहीत ते' यासाठी नॉट इन वापरलेली क्वेरी द्या. अपेक्षा ४ ओळींची, येतात ०. का? नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर 'अज्ञात' येतं आणि व्हेअर फक्त 'खरं' असलेल्या ओळी पुढे सोडतो. एवढं नेटवर मिळतं. म्हणून पुढचा भाग: दोन दुरुस्त्या करा, एक सबक्वेरीत नल गाळून आणि दुसरी नॉट एक्झिस्ट्स वापरून. मग बाहेरच्या टेबलातला तुलनेचा कॉलमही नल घेऊ शकत असेल, तर दोन्ही दुरुस्त्यांचे निकाल वेगळे येतील अशी एक ओळ द्या. बाहेर नल असलेली ओळ नॉट एक्झिस्ट्स ठेवतो, नॉट इन गाळतो. हे पाठ करून येत नाही, चालवून पाहावं लागतं. ओपन-बुकमध्ये चालवून पाहायला परवानगी असावीच.

---

तर्कटी

चालवून पाहायच्या परवानगीला +१. घरी बसलेल्या मुलाला कंपायलर वापरू नको म्हणणं म्हणजे पाळला जाणार नाही हे माहीत असलेला नियम करणं.

अल्गोरिदमच्या पेपरात काय चुकतं ते सांगतो. ऋण वजनाची कड असलेला ग्राफ देऊन 'डायक्स्ट्रा (सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधणारा अल्गोरिदम) बरोबर उत्तर देईल का' असं विचारतात. अ→क वजन २, अ→ब वजन ३, ब→क वजन −२. खरं सर्वांत कमी अंतर अ पासून क पर्यंत १. आता ज्याच्या पुस्तकातल्या कोडमध्ये एकदा बाहेर काढलेला नोड कायमचा बंद होतो, त्याला २ मिळतं. ज्याने हीप वापरून, बंद नोडची यादी न ठेवता लिहिलंय, त्याला १ मिळतं. दोघंही आपापला कोड चालवून आलेत, दोघंही बरोबर. ओपन-बुकमध्ये प्रत्येकाचं 'बुक' वेगळं असतं, हे पेपर काढणारा विसरतो आणि निकालानंतर तक्रारींचा ढीग लागतो. तेव्हा स्यूडोकोड प्रश्नातच द्या आणि लिहा: 'फक्त याच आवृत्तीबद्दल उत्तर द्या.'

याच ग्राफवर चांगला उपप्रश्न: एक जण सुचवतो, सगळ्या कडांना २ मिळवा, ऋण काही राहणार नाही, मग डायक्स्ट्रा चालवा. चालेल? मिळवल्यावर अ→क ४ होतं आणि अ→ब→क ५ + ० = ५. सर्वांत जवळचा मार्गच बदलला. कारण दोन कडांच्या मार्गावर दोनदा भार पडला, एका कडेच्या मार्गावर एकदाच. 'कोणत्या ग्राफांवर ही युक्ती चालेल?' हा त्यापुढचा. दोन बिंदूंमधल्या सगळ्या मार्गांत कडांची संख्या सारखी असेल तर चालते, हे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

---

अर्धविराम

तर्कटी, हा मुद्दा मोलाचा. पहिल्या पानावरच्या सूचनांत आणखी दोन गोष्टी हव्यात. एक, भाषा आणि तिची आवृत्ती: पायथन ३.१० मध्ये आलेलं मॅच विधान वापरलेला कोड ३.८ वर सिंटॅक्स एररने पडतो. दोन, 'प्रश्न संदिग्ध वाटला तर गृहीतक लिहा आणि पुढे जा.' शंकांसाठी एकच जागा ठेवा आणि दिलेलं उत्तर सगळ्यांना दिसू द्या. एकाला खाजगीत दिलेला खुलासा म्हणजे बाकीच्यांवर अन्याय.

वेळेचं काय? दोन तासांचा पेपर की चोवीस तासांची खिडकी?

---

शून्यापासून

दोन तास, फार तर तीन. चोवीस तास दिले की मुलं चोवीस तास बसतात. तीन तासांचं काम म्हणून दिलेलं उत्तर दहा पानांचं होतं, आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घ्यायलाही निवांत वेळ मिळतो.

---

गाठोडं

अंशतः असहमत. ज्यांच्याकडे संगणक सामायिक आहे, वीज-नेट बेभरवशाचं आहे, किंवा वेगळ्या टाइमझोनमध्ये आहेत, त्यांना दोन तासांची ठरलेली वेळ मारून टाकते. डिझाइनचा प्रश्न असेल (स्कीमा काढा, पर्याय तोला, निवड पटवून द्या) तर एक दिवस योग्यच. फक्त शब्दमर्यादा कडक ठेवा, मर्यादेपलीकडचं वाचलं जाणार नाही असं आधीच सांगा. 'दिवसभरात कधीही उघडा, उघडल्यापासून तीन तास' हा मधला मार्ग वाटतो तितका बरा नाही. सकाळी उघडणारा संध्याकाळी उघडणाऱ्याला पेपर फोडतो. तो वापरायचा तर उभी_रेघ म्हणतात तसे वेगवेगळे पेपर हवेतच.

---

उभी_रेघ

वेळेचा हिशोब करताना ओपन-बुकमध्ये वाचनाचा वेळ धरायला हवा. चाळीस ओळींचा अनोळखी कोड समजून घ्यायलाच ८–१० मिनिटं जातात. असे चार प्रश्न म्हणजे पेन न उचलता चाळीस मिनिटं गेली. दोन तासांना असे तीनच प्रश्न ठेवा. विषय शिकवत नसलेल्या सहकाऱ्याला पेपर टंकून सोडवायला द्या आणि लागलेल्या वेळेच्या तीन ते चारपट वेळ विद्यार्थ्यांना द्या. त्याला ३५ मिनिटं लागली तर दोन तास ठीक. ५० लागली तर एक प्रश्न काढा, वेळ वाढवू नका.

आणि सरावपेपर द्याच. 'ओपन-बुक आहे ना, मग वाचायचं कशाला' या समजुतीने आलेला मुलगा पहिली वीस मिनिटं पीडीएफमध्ये शोधाशोध करण्यात घालवतो. दोन पानांची स्वतःची सूची (कोणती गोष्ट कुठे आहे एवढीच) करून आणायला सांगा.

---

रात्रपाळी

अपलोडवर कुणीच बोललं नाही, आणि बहुतेक पेपर तिथेच कोसळतात. आकडे पाहा. १२० विद्यार्थी, हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो, प्रत्येकाचे १२ एमबी. एकूण १४४० एमबी. सगळे शेवटच्या पाच मिनिटांत चढवतात, म्हणजे सेकंदाला ४.८ एमबी, सुमारे ३८ मेगाबिट. सर्व्हरला हे जड नाही, पण विद्यार्थ्याच्या मोबाइल डेटावर १२ एमबी चढवणं जड असतं. उत्तरं टंकून घ्या, फोटो फक्त एका आकृतीचा, मर्यादा २ एमबी. अपलोडसाठी १५ ते ३० मिनिटं वेगळी द्या आणि ती लिहिण्याची वेळ नाही हे स्पष्ट लिहा. (ती लिहायलाच वापरली जाते. तेही धरून चला.)

मूडल (ऑनलाइन वर्ग आणि परीक्षा चालवण्याची प्रणाली) वापरत असाल तर त्याच्या क्विझमध्ये टंकलेली उत्तरं मधूनमधून आपोआप सेव्ह होतात, एकाच फाइल अपलोडपेक्षा ते बरं. 'वेळ संपल्यावर उघडे प्रयत्न आपोआप सादर' हे सेटिंग तपासून घ्या. नाहीतर पेपर लिहिला पण बटण दाबलं नाही, अशी प्रकरणं येतात.

नेट अगदीच गेलं तर हॅशचा उपाय आहे. विद्यार्थी फाइलचा शा-२५६ हॅश काढतो, ६४ अक्षरं, ती एसएमएसने पाठवतो आणि फाइल नंतर देतो. हॅश जुळला तर फाइल वेळेतलीच. विंडोजवर सर्टयूटिल, लिनक्सवर शा२५६सम. एक खाचखळगा: हॅश काढल्यानंतर पीडीएफ पुन्हा एक्स्पोर्ट केली तर आत निर्मितीची वेळ बदलते आणि हॅशही बदलतो, मजकूर अक्षरशः तोच असला तरी. हॅश काढलेली फाइल उघडायचीसुद्धा नाही, हे सरावपेपरातच करून घ्या.

गिटवर सबमिशन घेत असाल तर कमिटवरची तारीख पुरावा मानू नका, ती हवी ती घालता येते. पुश सर्व्हरवर कधी पोचला ती वेळ ग्राह्य धरा.

---

तर्कटी

प्रोग्रामिंगच्या आपोआप तपासणीबद्दल, भराभर:

आउटपुट अक्षरशः जुळवू नका. शेवटची मोकळी जागा आणि रिकामी ओळ दुर्लक्षित करा. दशांश संख्यांना सहनमर्यादा ठेवा, ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं हे माहीत असूनही दर वेळी कुणीतरी बरोबरीचं चिन्ह वापरतं. पायथनमध्ये स्ट्रिंगच्या सेटचा क्रम प्रोग्राम दर वेळी चालवताना बदलू शकतो. मुलाकडे टेस्ट पास होते, तुमच्याकडे नाही. क्रम महत्त्वाचा नसेल तर तुलनेआधी सॉर्ट करा.

प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये, नेटवर्क बंद, मेमरी आणि वेळेची मर्यादा. वेळ त्याच भाषेतल्या आदर्श उत्तराच्या पाचपट ठेवली तर थोडा संथ कोड आणि संथ अल्गोरिदम यांत फरक करता येतो. आउटपुटच्या आकारालाही मर्यादा हवी, अनंत लूपमधलं प्रिंट डिस्क भरून टाकतं. टेस्टची अपेक्षित उत्तरं विद्यार्थ्याच्या कोडला वाचता येतील अशा फोल्डरमध्ये ठेवू नका.

सर्वांत महत्त्वाचं: सादर करतानाच एक उघडी टेस्ट चालवून 'फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट जुळतात' एवढं विद्यार्थ्याला कळू द्या. स्पेलिंगच्या चुकीने शून्य गुण, हे मोजमाप कशाचंच नाही. गुणांपैकी ६० टक्के लपवलेल्या टेस्टना, ४० टक्के माणसाने वाचायच्या भागाला: का हीच रचना निवडली, कोणत्या इनपुटला ती कोलमडेल.

---

मोकळाश्वास

सगळं वाचलं, छान. पण समोर उभ्या असलेल्या हत्तीकडे कुणी पाहतच नाहीये. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. वरचा बायनरी सर्चचा प्रश्न, नलचा प्रश्न, ऋण कडांचा प्रश्न, सगळे तिथे चिकटवा, नीट उत्तरं येतात. मग हा खटाटोप कशासाठी?

---

अर्धविराम

रास्त प्रश्न. देखरेखीशिवाय घरी घेतलेल्या पेपरात एआय-रोधक असा प्रश्न नाही, आणि तो शोधण्यात वेळ घालवू नये. डिटेक्टरच्या भरवशावरही राहू नये. ओपनएआयने स्वतःचं मजकूर ओळखणारं साधन अचूकता कमी असल्याने जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. बनवणाऱ्यांनाच भरवसा नाही, तर त्याच्या टक्केवारीवर विद्यार्थ्याला समितीपुढे कसं उभं करणार? प्रश्न चित्राच्या रूपात देणं, पांढऱ्या अक्षरांत लपलेली सूचना घालणं, हेही सोडा. चित्र एआय वाचतं, स्क्रीन रीडर वाचू शकत नाही. आणि लपलेली सूचना स्क्रीन रीडर अंध विद्यार्थ्याला मोठ्याने वाचून दाखवतो. तोच नेमका सापळ्यात सापडतो.

करता येतं ते असं. पेपर ठरवण्याआधी प्रत्येक प्रश्न दोन-तीन एआय साधनांना पाच-पाच वेळा द्या, उत्तरं नाव झाकून सहकाऱ्याला तपासायला द्या. ज्या प्रश्नाला नेहमी पूर्ण गुण मिळतात त्याचं वजन कमी करा, किंवा उलटवा: एआयचं चुकलेलं उत्तर छापून 'यात कुठे काय चूक आहे, दाखवणारं इनपुट द्या' असं विचारा. याने अंतर थोडं वाढतं, मिटत नाही. राहिलेलं काम तोंडीने करायचं.

---

उभी_रेघ

तोंडीचा हिशोब: १२० जण, प्रत्येकी ८ मिनिटं, म्हणजे ९६० मिनिटं, १६ तास. दोन परीक्षकांना एकेक पूर्ण दिवस. जमत नसेल तर पाचांतल्या एकाला बोलवा: २४ जण, ३ तास १२ मिनिटं. निवड चिठ्ठ्या टाकून, आणि कुणालाही बोलावणं येऊ शकतं हे पेपरच्या आधी जाहीर. फक्त संशयितांना बोलावलं तर तोंडीचं रूपांतर चौकशीत होतं आणि घाबरलेला प्रामाणिक मुलगा अडखळतो.

प्रश्न त्याच्याच उत्तरावर: 'ही अट उलटी केली तर तुमची कोणती टेस्ट पडेल?' 'इथे लिस्टऐवजी हॅश टेबल घेतलं असतं तर?' पाठ केलेलं स्पष्टीकरण ऐकत बसू नका, बदल करायला लावा. ज्याने स्वतः लिहिलंय किंवा निदान समजून घेतलंय तो दोन मिनिटांत मार्गी लागतो.

---

मोकळाश्वास

समजून घेतलंय पण लिहिलं नाही, त्याला पूर्ण गुण?

---

उभी_रेघ

नियमांत एआयला परवानगी असेल तर हो. नसेल तर नाही, पण मग ते सिद्ध करायची तुमची तयारी हवी. म्हणून परवानगी द्या, वापर कुठे केला ते लिहायला सांगा, आणि एकूण गुणांचा निदान ४० टक्के भाग समोरासमोरच्या परीक्षेकडे ठेवा. बंद ठेवायची ती एकच गोष्ट: पेपर चालू असताना दुसऱ्या माणसाशी बोलणं.

---

गाठोडं

ते पकडायला मॉस किंवा जेप्लॅग, दोन्ही कोडमधलं साम्य शोधणारी साधनं. मॉस स्टॅनफर्डचं, कोड त्यांच्या सर्व्हरवर पाठवावा लागतो. जेप्लॅग जर्मनीतल्या कार्ल्सरूहचं, आपल्याच मशीनवर चालतं, म्हणून गोपनीयतेचे नियम कडक असतील तिथे तेच. व्हेरिएबलची नावं बदलून दोन्ही फसत नाहीत, कारण तुलना कोडच्या रचनेची होते. आपण दिलेला सांगाडा 'बेस' म्हणून वगळायला विसरलात तर अख्खा वर्ग एकमेकांसारखा दिसतो. आणि पंचवीस ओळींच्या फंक्शनला साम्य असणारच, स्टॅक दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहिणार? टक्केवारी हा निकाल नव्हे, कुठल्या दोन फाइली शेजारी ठेवून वाचायच्या एवढंच ती सांगते. साम्यापेक्षा सारखी चूक बोलकी: दोघांचाही लूप त्याच ठिकाणी एकाने कमी.

---

रात्रपाळी

ज्यांना जादा वेळ मंजूर आहे त्यांच्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट. मूडलमध्ये त्या विद्यार्थ्याची फक्त वेळमर्यादा १२० ची १५० मिनिटं केली आणि क्विझ बंद होण्याची वेळ तशीच ठेवली, तर सगळ्यांबरोबर त्याचाही पेपर बंद होतो. ओव्हरराइडमध्ये दोन्ही बदला. आणि बदलल्यावर त्या खात्याच्या नजरेतून एकदा पाहून घ्या.

---

शून्यापासून

निकालानंतरचं राहिलं. वेगवेगळे पर्याय दिले असतील तर पर्यायवार सरासरी काढा. ३० जणांच्या गटात १० पैकी अर्ध्या गुणाचा फरक योगायोगानेही पडतो, त्यावर घाईने गुण वाढवू नका. दोन गुणांचा फरक दिसला तर आधी त्या पर्यायाचं आदर्श उत्तर पुन्हा तपासा. बहुधा मुलांची नव्हे, उत्तरसूचीची चूक निघते.

मग प्रत्येक प्रश्नासाठी, एकूण गुणांत वरच्या २७ टक्क्यांनी आणि खालच्या २७ टक्क्यांनी मिळवलेल्या गुणांचं प्रमाण ताडून पाहा. मूडलचा आकडेवारी अहवाल असाच भेद दाखवणारे निर्देशांक काढून देतो. फरक शून्याजवळ आणि सगळ्यांना पूर्ण गुण, तर तो प्रश्न शोधून सापडणारा होता, पुढच्या वेळी बाद. फरक ऋण असेल, म्हणजे वरच्यांना कमी आणि खालच्यांना जास्त, तर प्रश्नाची भाषा पाहा. 'सर्वांत लहान' यात लांबी की किंमत, असला घोळ त्यात सापडतो.

---

अर्धविराम

'सर्वांत लहान ॲरे' माझ्याच प्रश्नात आहे. तिथे 'सर्वांत कमी घटकांचा' असं वाचावं.